मालकाच्या जागी गंगव्वा

अप्पांचं नाव तिथं नव्हतं. सोमवार, सकाळचे पावणेदहा, चहा अजून यायचा होता. मी नेहमीप्रमाणे संगणकाच्या काळ्या खिडकीत 'हूइज' टाइप केलं, पुढं 'रुद्रय्यामिरची डॉट कॉम' लिहिलं, एंटर मारलं आणि वर सरकणाऱ्या ओळींवरून नजर फिरवली. देव्हाऱ्यावरून फिरवतो तशी, काही बघायला नव्हे, सगळं जागच्या जागी आहे एवढी खात्री करायला. चार वर्षं मी हे रोज करत आलोय. मालक, त्याखाली रुद्रय्या, म्हणजे माझे वडील, आमचे अप्पा, त्याखाली गडहिंग्लजच्या बाजारपेठेतला पत्ता. संपर्क, त्याखाली महांतेश, त्याखाली हुबळीचा एक फोन नंबर. एवढं दिसलं की खिडकी बंद करायची आणि दिवसाला लागायचं. त्या सोमवारी मालकाच्या खाली गंगव्वा लिहिलेलं होतं. गंगव्वा म्हणजे माझी आई, जी त्या क्षणी आमच्या दोन खोल्यांत बसून मिरच्यांचे देठ खुडत असणार, आणि जिला इंटरनेट म्हणजे श्रीशैल सकाळी जातो ती जागा, याहून जास्त काही ठाऊक नाही. मी पुन्हा एंटर मारलं. कधी कधी यंत्र शिळं उत्तर देतं, मागं कधीतरी विचारून ठेवलेलं. पण शिळ्या उत्तरात जुनं नाव आलं असतं. हे नवं होतं.

हूइज म्हणजे आमच्या धंद्यातला तलाठी. कुठल्याही वेबसाइटचं नाव त्याला विचारा, तो सांगतो हे कुणाच्या मालकीचं, कधी घेतलं, कधीपर्यंतचं आहे, शेवटचा फेरफार कधी झाला आणि काही अडलंनडलं तर फोन कुणाला करायचा. खऱ्या तलाठ्यापेक्षा बरा एवढ्यासाठी की तो जागेवर सापडतो आणि उद्या या म्हणत नाही. शाहूपुरीतल्या हंबीररावांच्या कचेरीत माझं कामच ते. चपलांचे व्यापारी, गुळाचे अडते, पन्हाळ्यावरचं एक लॉज अशी आमची गिऱ्हाइकं. त्यांना नावं मिळवून द्यायची, त्यांची पानं चढवायची आणि रोज सकाळी यादी धरून कुणाची मुदत संपत आलीय ते बघायचं, कारण मुदत चुकली की नाव सुटतं आणि दुसरा कुणीही ते उचलतो. यादी संपली की शेवटी आमचं. हंबीरराव स्वतः संगणकाला हात लावत नाहीत. "मी तालमीतला माणूस, माझ्या एका बोटाखाली तीन बटणं दबत्यात," म्हणतात. पण नजर तिखट. त्या सकाळी ते माझ्या टेबलावरून पुढं गेले आणि परत मागं आले.

"काय रं श्रीशैल, कुणाचं बंद पडलं?"

"कुणाचं न्हाई, साहेब."

"मग तोंड का असं गोवरीगत झालंय?"

"रात्री डास लई होते."

खोटं मला पटकन सुचतं. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही, पुढं लागणार आहे म्हणून सांगतो.

चहा आला, गार झाला, त्यावर साय धरली. मी ओळ न् ओळ वाचली. पत्ता आता गडहिंग्लजचा नव्हता: द्वारा श्रीशैल, चौथी गल्ली, शाहूपुरी, कोल्हापूर. मुदत दोन हजार पंधरापर्यंत, म्हणजे एकदम दहा वर्षं, त्यापुढं कुणालाच देत नाहीत. शेवटचा फेरफार काल. आणि संपर्काच्या खाली, जिथं महांतेश आणि तो नंबर असायचा, तिथंही गंगव्वा. महांतेश कुठंच नव्हता. आमच्याकडं घरातला कर्ता माणूस गेला की दिवस झाल्यावर पहिलं काम वारसनोंदीचं. घर, दुकान, रेशनकार्ड, विजेचं बिल, सगळ्यावर त्याच्या जागी बायकोचं नाव चढवायचं, आणि मुलांपैकी ज्याला काही नको असेल त्यानं हक्कसोड लिहून द्यायचं. महांतेश माझा थोरला भाऊ, सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला. त्यानं ही दोन्ही कामं एका दमात उरकली होती, हुबळीकडच्या कुठल्यातरी टेबलाशी बसून, एकट्यानं. म्हणजे अप्पा गेले हे त्याला कळलं होतं. आणि मी तर ते कळवलं नव्हतं. मला आधी भीती वाटली, हे मी कबूल करतो. दुःख नंतर आलं.

ते नाव त्यानंच घेतलं होतं, नव्व्याण्णवच्या जानेवारीत. तो चोवीस वर्षांचा, मी बावीस. हुबळीला कॉलेजात असताना त्याला संगणकाचा नाद लागला होता, आणि तिथल्या एका मित्राच्या खोलीवर बसून त्यानं आमच्या मिरचीच्या दुकानाचं पान बनवलं. मालक म्हणून अप्पांचं नाव घातलं. दुसऱ्या एखाद्या पोरानं स्वतःचं घातलं असतं. डोकं त्याचं, खटपट त्याची. पण आमच्या घरात सायकलसुद्धा अप्पांच्या नावावर होती, आणि अप्पांना सायकल येत नव्हती. थोरला असेपर्यंत दुसऱ्याचं नाव कशावरच लागत नाही, हे आम्हांला कुणी शिकवलं नव्हतं, आम्ही ते दुधाबरोबर प्यालो होतो. त्यामुळं अप्पांना न विचारता, न सांगता, अप्पा एका अशा वस्तूचे मालक झाले जी त्यांना दाखवताही आली नसती. महिन्याभरात मस्कतहून एका व्यापाऱ्याची चौकशी आली, संकेश्वरी मिरची मिळेल का म्हणून, आणि अण्णानं, मी महांतेशला अण्णा म्हणतो, उत्साहाच्या भरात होकार कळवून टाकला. मग तो दुकानात आला आणि भर बाजाराच्या वेळी, पोत्यांवर बसलेल्या गिऱ्हाइकांसमोर, अप्पांना ही बातमी दिली.

घरात आम्ही कन्नड बोलतो आणि दारात मराठी. अप्पा मराठीत बोलले, म्हणजे ते सगळ्यांना ऐकवायचं होतं. "मिरची गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघून विकायची असती. त्या मस्कतवाल्याचं तोंड बघिटलंस तू?"

"अप्पा, तुमचं नाव आता जगात गेलंय."

"माझं नाव? मला न इचारता कुठं न्हेलंस माझं नाव?"

आणि त्यांनी हात उचलला. थोबाडीत मारण्याचं काय एवढं, आमच्याकडं चोवीस वर्षांच्या पोरालाही बसते. पण तो हात सकाळपासून मिरचीच्या पोत्यात होता. अण्णाच्या गालावर आणि डाव्या डोळ्यात ती आग उतरली. तो ओरडला नाही, फक्त वाकून उभा राहिला, डोळ्यातून धार लागलेली, आणि बघणाऱ्यांना वाटलं पोरगं रडतंय. ते त्याला जास्त लागलं. मी त्याला मागच्या मोरीत नेलं, दुधात कापड बुडवून त्याच्या डोळ्यावर ठेवलं, गालाला तूप चोळलं. माझी बोटं नंतर बराच वेळ चुरचुरत होती. तो म्हणाला, "तम्मा, डोळा उघडत नाही रे." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, तो मला नावानं हाक मारत नसे. मी म्हणालो, उघडेल. त्या वेळी मला त्याची दया आली होती, पण खरं सांगायचं तर त्या दयेत थोडी गोडी होती. शाळेत मी महांतेशचा भाऊ, गल्लीत महांतेशचा भाऊ, मठात स्वामींनी डोक्यावर हात ठेवला तरी विचारणार, महांतेश कसा आहे. आणि आज तो माझ्यापुढं मान वर करून बसला होता, डोळे मिटून, मी करीन ते करून घेत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या हुबळी गाडीनं तो गेला. अप्पांनी दुकान वेळेवर उघडलं आणि त्याचं नाव पुन्हा काढलं नाही. अव्वानं, म्हणजे आईनं, काढलं तर ते ताट सारून उठत.

मग दोन हजार एकमध्ये मी हंबीररावांकडं लागलो. ज्यानं मला काम शिकवलं तो म्हणाला, हूइज चालवून बघ, कुठलंही नाव टाक. माणूस पहिल्यांदा आपलंच काहीतरी टाकतो. मला वाटलं होतं ते कधीच सुटलं असेल, कुणी उचललंही नसेल, मिरचीवाल्याचं नाव कोण उचलणार. आणि समोर अप्पा उभे राहिले. खाली अण्णा, खाली नंबर, आणि मुदत नुकतीच वाढवलेली. अव्वा दर सोमवारी बसवण्णाच्या देवळात ज्याच्यासाठी नारळ ठेवत होती, हुबळीला जाणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला ज्याच्याबद्दल विचारत होती, तो माझ्यापासून एका एंटरवर होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं, पण गावाला वळसा अव्वा घालत होती आणि कळसा माझ्या काखेत होता. मी तिला सांगितलं नाही. आज सांगू, दिवाळीला सांगू. अप्पा बिथरतील, असं मी स्वतःला समजावत असे, आणि ते खोटंही नव्हतं. रोज सकाळी मात्र बघायचो. दर जानेवारीला मुदत जवळ आली की माझा जीव खालीवर होई; अण्णा विसरला तर? मग एके दिवशी तारीख एका वर्षानं पुढं सरकलेली दिसे आणि मला दिवसभर बरं वाटे. त्याची खुशाली मला कळत होती. माझी त्याला कळत नव्हती, पण तसा विचार मी केला नाही.

पुढच्या वर्षी मे महिन्यात अप्पांना कोल्हापूरला आणलं. छातीत पाणी झालं होतं. तीन दिवस ते दवाखान्यात होते. पहिल्या दिवशी संध्याकाळी नळ्या लावलेल्या हातानं त्यांनी मला जवळ बोलावलं आणि कन्नडात, अगदी हळू, इतकंच म्हणाले, "महांता?" तीन वर्षांत पहिल्यांदा. मी म्हणालो, "शोधतोय, अप्पा." तिथून तडक कचेरीत गेलो, खिडकी उघडली, नंबर एका चिठ्ठीवर लिहून घेतला आणि ती शर्टाच्या खिशात ठेवली. दवाखान्याच्या दारात पिवळ्या पाटीचं एसटीडी बूथ होतं. मी त्याच्या बाकड्यावर बसलो, माझा नंबर आला, बूथवाला म्हणाला, "जावा की पावणं आत." मी म्हणालो, "ह्यांना जाऊ दे आधी." असं दोनदा झालं. का, ते मी तीन वर्षं स्वतःला विचारत आलोय. अण्णा आला असता तर अप्पांनी त्याच्याकडं बघितलं असतं, एवढंच. तीन दिवस मी त्यांना चमच्यानं पाणी पाजत होतो, त्यांचा पाय चेपत होतो, डॉक्टर माझ्याशी बोलत होते, अव्वा माझ्या खांद्याला धरून उठत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी एकटा मुलगा होतो. मला वाटलं, आजचा दिवस. उद्या करू. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं नाही, फक्त दाराकडं बघत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते गेले.

गडहिंग्लजला नेलं. आम्हां लिंगायतांत जाळत नाहीत. गेलेल्याला बसवतात, कपाळभर विभूती लावतात, गळ्यात हार, डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग, आणि बसल्या स्थितीतच मातीत ठेवतात. अप्पा तसे बसलेले बघून वाटत होतं, आता म्हणतील, सुट्टे दे. माती लोटायच्या आधी विधी करणाऱ्या अय्यांनी वर बघून विचारलं, "थोरला कुठाय?" मी म्हणालो, "ठावठिकाणा लागला नाही." अव्वा बाजूला बायकांत उभी होती, तिनंही ते ऐकलं. माझ्या नाकात, खरोखर, मिरचीची धांस आली आणि मी खोकलो. लोकांना वाटलं हुंदका आहे. बेलाची पानं टाकायला ओंजळ भरली तेव्हा खिशातली ती चिठ्ठी मी त्यात घेतली आणि पानांबरोबर खाली सोडली. ती अप्पांच्या मांडीवर पडली. मग मिठाचं पोतं उलटं केलं, मग माती. मला वाटलं होतं विषय मिटला. बाराव्या दिवशी कामावर आलो, यादी बघितली आणि शेवटी आमचं नाव टाकलं. मालक, रुद्रय्या. नंबर तोच. तो आता मला पाठ झाला होता, पाढा व्हावा तसा, आणि पाढा काही केल्या विसरता येत नाही.

त्यानंतर अव्वाला मी इथं आणलं. दुकान गुंडूमामाला चालवायला दिलं. मामा म्हणजे नात्यातला कुणी नव्हे, शेजारचा गाळा त्याचा. वारसनोंदीचा अर्ज मी दोनदा आणला. 'मयताचे वारस' या रकान्याशी आलो की पेन ठेवून देत असे. एकच नाव लिहिलं तर खोटं लेखी होणार, दोन लिहिली तर दुसऱ्याचा पत्ता लिहावा लागणार. म्हणून आजही गडहिंग्लजच्या घराचं विजेचं बिल रुद्रय्यांना येतं. दोन ठिकाणच्या मुली बघून झाल्या. दोन्ही वेळा मुलीच्या बापानं विचारलं, थोरले बंधू कुठं असतात? अव्वा माझ्याकडं बघे. मी म्हणे, तपास चालू आहे. बाहेर आल्यावर ती मला काही बोलत नसे. एकदा मात्र रिक्षात म्हणाली, "तू एवढा कंपूटरवर बसतोस, त्यात माणूस सापडत नाही होय?" मी म्हणालो, "त्यात माणसं नसतात, अव्वा, नुसती नावं असतात." हे वाक्य मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं. आता आठवलं की कान गरम होतात.

दुपारी हंबीरराव जेवायला गेले तेव्हा मी गुंडूमामाला फोन लावला. गावाकडचं कुणीतरी बोललेलं असणार, आणि गावातली कुठलीही गोष्ट मामाच्या गाळ्यावरूनच पुढं जाते. मामा फोनवर असा बोलतो की फोनची गरज पडू नये.

"व्हय की! तुला सांगणारच हुतो, पर म्हटलं समक्ष गाठ पडल्यावर सांगावं. ब्याडगीला गेलतो रं, मिरचीच्या बाजाराला. तितं आडत्याच्या पेढीवर कंपूटर बसवाया आलता. मी म्हटलं, महांतेश न्हवं का तू? म्हंजे बघ, डोळ्यावरनं वळिकलं, डावा डोळा जरा बारीक हाय त्येचा."

"काय म्हणाला?"

"आदी अप्पांचंच इचारलं. म्या म्हटलं, आरं बाबा, त्येस्नी जाऊन तीन वर्सं हुतील की आता. तर गप खाली बसला, पोत्यावर. लई वेळ बसला. च्या सांगितला तर घेतला न्हाई."

"आणि?"

"मग इचारलं, तम्मा कुठाय? म्या सांगितलं, कोल्लापुरात, शाहूपुरीत, चौथी गल्ली, आईसंगट. इंटरनेटच्या कंपनीत हाय म्हटलं. ते ऐकलं आन् लई चमत्कारिक हासला बघ. म्हणला, मग त्येला माझा नंबर दिसतच असंल की. त्येच्यासाठीच तर लिवून ठेवलाय. कोण न्हाई तर तम्मा बघंल म्हटलं हुतं." मागं तराजूचा आवाज आला. "कसला नंबर रं, श्रीशैल? मला काय उमगंना."

मी म्हणालो, "काय न्हाई, मामा, असाच." फोन ठेवला. तीन वर्षांपूर्वी दवाखान्याच्या दारात बसलेला मी, आणि हुबळीत कुठंतरी दर जानेवारीला आठवणीनं मुदत वाढवणारा तो. मस्कतच्या त्या चौकशीनंतर मिरचीची एक ऑर्डर त्या पानावरून कधी आली नव्हती. दुकानासाठी ते नाव त्यानं ठेवलंच नव्हतं. दार पुढं लोटून ठेवतात, कडी न लावता, तसं ते ठेवलं होतं, आणि मी रोज सकाळी येऊन दार उघडं आहे ना बघून परत जात होतो. आता त्यानं ते बंद केलं नव्हतं, चावी अव्वाच्या हातात देऊन तो निघून गेला होता. भांडला असता, शिव्या घातल्या असत्या, तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. मी त्या काळ्या खिडकीत पुन्हा एकदा नाव टाइप केलं, या वेळी डिग लावून, पान अजून कुठं ठेवलंय ते बघायला. जुनाच पत्ता आला. पान उघडलं. एकच फोटो, उसन्या कॅमेऱ्यानं काढलेला, वरून हळूहळू उतरत आला: आधी दुकानाची पाटी, मग पोत्यांची रांग, मग अप्पांची टोपी, कपाळावरचे विभूतीचे तीन पट्टे, आणि तागडी धरलेला हात. अप्पा कॅमेऱ्याकडं बघत नाहीत. समोरच्या गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघतायत. मी त्या हाताकडं बघत बसलो आणि तिथं, ऑफिसात, भर दुपारी, माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हंबीरराव परत आले होते, ते मला दिसलेच नाहीत.

"डास न्हवंत ते," ते म्हणाले. त्यांनी खुर्ची ओढली नाही, जवळही आले नाहीत. "घरला जा. यादी उद्या बघ."

चौथी गल्ली कचेरीपासून दहा मिनिटांची. मला पाऊण तास लागला. मी मुद्दाम लांबून गेलो असं नाही, पाय ज्या बाजूला वळले त्या बाजूला गेलो. एका दुकानासमोर उभा राहून सायकलींचे सुटे भाग बघितले. मनात वाक्यं जुळवत होतो. अव्वा, आज अण्णाचा पत्ता लागला. हे सगळ्यात सोपं होतं, आणि तसं सांगितलं असतं तर तिनं पेढे आणले असते, सोमवारच्या नारळांचं सार्थक झालं असतं, आणि अण्णा, मला माहीत आहे, अण्णा कधीच बोलला नसता. त्याचं ते हक्कसोड मला ही मुभासुद्धा देत होतं. खोटं मला पटकन सुचतं, ते असं. पण दाराशी आलो आणि आतून मिरचीची धांस आली. मामानं नव्या मिरचीचं पोतं पाठवलं होतं, अव्वा जमिनीवर पेपर पसरून देठ खुडत होती, डाव्या बाजूला लाल ढीग, उजव्या बाजूला देठांचा. दिवेलागण व्हायची होती. मी खोकलो.

"लवकर आलास."

मी तिच्यासमोर बसलो, चप्पल न काढता. "अव्वा, अण्णाचा नंबर माझ्याकडं आहे."

तिचे हात थांबले. तोंडावर काहीतरी उजळायला लागलं आणि ते पूर्ण उजळायच्या आत मला बोलायचं होतं, नाहीतर मी बोललोच नसतो. "आजचा नाही. अप्पा होते तेव्हापासून आहे. दवाखान्यात होते तेव्हा माझ्या खिशात होता. मी लावला नाही."

मग तिनं एक मिरची उचलली, देठ खुडला, मिरची डावीकडं टाकली. दुसरी उचलली. पाच-सहा मिरच्या झाल्या. मी मनात म्हणत होतो, मार. तो हात मिरचीत आहे तसाच उचल आणि मार. तिनं तो उचलला नाही. म्हणाली, "ते दाराकडं बघत होते."

"हो."

"मला वाटलं डॉक्टरची वाट बघतायत." मग पदरानं हात पुसले, नीट, एक-एक बोट. "लाव."

"त्याला कळलंय, अव्वा. गुंडूमामानं सांगितलंय. त्यानं सगळं तुझ्या नावावर..."

"गुंडूनं सांगितलं. घरातल्यानं सांगितलेलं नाही." ती उठली नाही, फोन मात्र तिनंच माझ्याकडं सरकवला. "तेव्हा जे सांगायचं होतं ते आता सांग. मी बोलीन मागून."

मी नंबर फिरवला. चिठ्ठी लागली नाही. घंटा वाजायला लागली आणि मला वाटलं, उचलणार नाही, नंबर बदलला असेल, घर बदललं असेल. आणि मी तशी आशाही करत होतो, हे लपवत नाही. सातव्या घंटेला कुणीतरी उचललं. "यारु?" कोण म्हणून विचारणारा आवाज, थोडा जाड झालेला, सहा वर्षांनी मोठा. अव्वा माझ्याकडं बघत होती. पलीकडं कुठंतरी भांडं पडल्याचा आवाज आला. त्यानं पुन्हा विचारलं नाही. फोनही ठेवला नाही.

"अण्णा," मी म्हणालो. "अप्पा गेले."

पलीकडं एक लांब श्वास ऐकू आला. त्याला ठाऊक होतं. तीन वर्षं झाली हे ठाऊक होतं, मी काय केलं हेही ठाऊक होतं. तरी तो आत्ताच ऐकल्यासारखा, ज्या आवाजात माणूस अशा वेळी विचारतो त्याच आवाजात म्हणाला, "कधी रे, तम्मा?"

आणि मी सांगायला लागलो, दवाखान्यातल्या पहिल्या संध्याकाळपासून.